सुधारलेला माणूस, आणि त्याची देखभाल कोण करणार?

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षकांनी विचारलं आहे: "माझा पुतण्या बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्या मते माणसाचं शरीर हे अर्धवट राहिलेलं काम आहे, म्हातारपण हा आजार आहे आणि मरण ही सोडवायची अडचण आहे. ट्रान्सह्युमॅनिझम म्हणजे हेच, आणि याला विरोध करणारा मुळात औषधोपचारालाच विरोध करतो, असं तो म्हणतो. तुम्ही बहिऱ्या मुलांच्या कानात यंत्र बसवता, म्हणजे तुम्हीही तेच करता ना? मग यात चूक काय? उपचार कुठे संपतो आणि दुसरं काहीतरी कुठे सुरू होतं? मला त्याच्याशी नीट बोलायचं आहे, पण शब्द अपुरे पडतात."

सर, आधी मी तुमच्या पुतण्याच्या बाजूनं बोलते. त्याच्या म्हणण्यातला मोठा भाग मला पटतो, आणि तो ऐकून न घेता वाद घातलात तर तुमचं तो ऐकणार नाही. सोसण्यात काहीही पवित्र नसतं. बेरा टेस्टचा, म्हणजे बाळाला ऐकू येतं का हे तपासणाऱ्या चाचणीचा, कागद हातात घेऊन एखादी आई माझ्यासमोर बसते, तेव्हा 'देवाची मर्जी' हे शब्द मी तोंडातून काढत नाही आणि सोबत आलेल्या वडीलधाऱ्यांनाही काढू देत नाही. शरीर जसं मिळालं तसं स्वीकारा, हा उपदेश धडधाकट माणसानं दुसऱ्याला करणं सोपं असतं. ट्रान्सह्युमॅनिझमच्या मुळाशी या उपदेशाविरुद्धचा राग आहे आणि तो राग रास्त आहे.

या विचाराला नाव चिकटलं ते ज्युलियन हक्सली या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाच्या १९५७ च्या निबंधामुळे. एखाददुसरा माणूस नाही, तर सगळी मानवजात ठरवून स्वतःच्या पलीकडे जाऊ शकते, हा त्याचा गाभा. त्याच्याही आधी, १९२३ मध्ये, जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी केंब्रिजच्या एका व्याख्यानात गर्भाशयाबाहेर वाढवलेल्या बाळांचं भविष्य रंगवलं होतं. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. तुमचा पुतण्या जे बोलतो ते रूप मात्र पुढचं आहे. १९९० मध्ये मॅक्स मोर यांनी त्याला तत्त्वज्ञानाची चौकट दिली, १९९८ मध्ये निक बोस्ट्रॉम आणि डेव्हिड पीअर्स यांनी त्याची जागतिक संघटना उभी केली, आणि २००५ पासून संगणकतज्ज्ञ रे कुर्झवाइल २०४५ हे साल सांगत आले आहेत, ज्या सुमारास यंत्राची आणि माणसाची बुद्धी एकमेकींत मिसळून जाईल. हे सगळे एका सुरात बोलत नाहीत. काहींना सगळं बाजारावर सोडायचं आहे, तर काही जण हे सर्वांना समान मिळालंच पाहिजे म्हणून तळमळीनं लिहितात. पीअर्स तर प्राण्यांच्या वेदनाही संपवायला निघाले आहेत. यांना वेडे किंवा माणूसघाणे म्हणणं अन्यायाचं होईल.

आता तुमचा प्रश्न, उपचार कुठे संपतो. बहुतेक जण इथे एक रेघ मारतात: बिघडलेलं दुरुस्त करणं म्हणजे उपचार, चांगलं असलेलं आणखी चांगलं करणं म्हणजे सुधारणा, पहिलं योग्य, दुसरं अयोग्य. ही रेघ फार टिकत नाही. बेळगावच्या टिळकवाडीत आपलं व्हॅक्सिन डेपोचं मैदान आहे, तिथे एके काळी देवीची लस तयार व्हायची. लस घेणारं मूल आजारी नसतं. ज्या विषाणूपुढे माणसाचं शरीर हजारो वर्षं हतबल होतं, त्याच्याशी लढायची ताकद निरोगी शरीरात बाहेरून आणली जाते. शब्दशः पाहिलं तर ही सुधारणाच. तीच करून १९७५ मध्ये भारतातून आणि १९८० पर्यंत जगातून देवी गेली, आणि त्याबद्दल हळहळणारा कुणी मला भेटलेला नाही.

दुसरं उदाहरण वाढीच्या हार्मोनचं. दोन मुलगे, दोघांचीही उंची सारखीच कमी भरणार. एकाच्या शरीरात हार्मोन कमी तयार होतं, दुसऱ्याचे आईवडीलच बुटके. पहिल्याला इंजेक्शन म्हणजे उपचार आणि दुसऱ्याला म्हणजे चैन, असं का? वर्गात दोघांनाही सारखंच चिडवलं जातं. २००३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी कारण न सापडलेल्या बुटकेपणासाठीही हे इंजेक्शन मंजूर केलं आणि रेघ आणखी पुसट झाली. म्हणून पुतण्यानं तुम्हाला याच रेघेवर गाठलं तर ती सोडून द्या. तिच्यासाठी भांडण्यात अर्थ नाही.

विरोधकांचा 'मानवी स्वभाव' हा दुसरा बुरूजही मला कच्चा वाटतो. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस फुकुयामा यांनी २००४ मध्ये ट्रान्सह्युमॅनिझमला जगातल्या सर्वांत धोकादायक कल्पनांमध्ये गणलं. त्यांचा युक्तिवाद असा की समान हक्कांचा पाया आपल्या सामाईक माणूसपणात आहे, आणि काही जण वेगळेच प्राणी झाले तर तो पायाच हलेल. भीती खरी आहे. पण ज्यांचं माणूसपण शतकानुशतकं नाकारलं गेलं, त्यांना हक्क मिळाले ते निसर्ग बघून मिळालेले नाहीत, लढून मिळाले. अमेरिकी विचारवंत लिऑन कॅस म्हणतात, मनाला किळस वाटते त्यात शहाणपण दडलेलं असतं. आपल्याकडे कुणाच्या हातचं पाणी पिण्याची किळस वाटायची, हे ज्याला आठवतं त्याला हे पटणं अवघड आहे.

मग माझा आक्षेप कुठे आहे? तो माझ्या कामातून आला आहे, म्हणून ते काम जरा तपशिलात सांगते.

कॉक्लिअर इम्प्लांट हे आज माणसाच्या मज्जासंस्थेला थेट जोडलेलं सर्वांत रुळलेलं यंत्र आहे. निरोगी कानाच्या शंखात ध्वनी ओळखणाऱ्या आतल्या केसपेशी सुमारे ३,५०० असतात. त्यांचं काम इम्प्लांटची जेमतेम वीस-बावीस विद्युतटोकं करतात. आतला भाग शस्त्रक्रियेनं बसतो, बाहेरचा प्रोसेसर कानामागे, आणि दोघांमध्ये चुंबकानं चिकटणारी कॉइल. शस्त्रक्रियेनंतर तीन-चार आठवड्यांनी ज्या दिवशी स्विच ऑन होतं, त्या दिवशी पुष्कळ मुलं रडतात. आईवडिलांना वाटतं आता पोर बोलेल. खरं तर तिथून काम सुरू होतं. मॅपिंग, म्हणजे प्रत्येक टोकाला किती प्रवाह द्यायचा हे पुन्हा पुन्हा ठरवणं. मग स्पीच थेरपी, वर्षानुवर्षं. मेंदूच्या बाजूनं पहिली तीन-साडेतीन वर्षं मोलाची असतात, त्यामुळे सगळं घाईत.

आपल्या भागात त्यात भाषेचीही भर पडते. घरात मराठी, थेरपिस्ट कन्नड बोलणाऱ्या, अंगणवाडीत दोन्ही, आणि टीव्हीवर हिंदी. 'एकच भाषा ठेवा' असा सल्ला मिळतो आणि आई कन्नड शिकायला लागते, स्वतःच्या लेकराशी अडखळत बोलते. मी स्पष्ट सांगते: ज्या भाषेत तुम्ही भांडता, लाड करता, गुणगुणता, त्याच भाषेत पोराशी बोला. दुसरी मागून येईल. या मातीत ती आल्याशिवाय राहत नाही. यंत्र आवाज पोचवतं. त्या आवाजाची भाषा चूल पेटवताना, आंघोळ घालताना, बसमध्ये खिडकीशी बसून तासन्‌तास बोलणारी माणसं करतात. ज्या घरात तेवढं बोलणारं कुणी नसतं, तिथे लाखोंचं यंत्र कपाटात जाऊन पडतं. शरीरात वस्तू घातली की क्षमता आली, ही पुतण्याच्या मनातली समजूत इथेच ढासळते. क्षमता ही शरीर आणि आजूबाजूची माणसं मिळून घडवतात.

या यंत्राला सर्वांत तीव्र विरोध कुणी केला हेही त्याला सांगा. बहिऱ्यांनीच केला. अमेरिकेतल्या बहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं १९९१ मध्ये लहान मुलांना इम्प्लांट देण्याचा जाहीर निषेध केला. २००० मध्ये भूमिका मवाळ केली. त्यांचं म्हणणं असं की आमची खुणांची भाषा आहे, आमचा समाज आहे, आणि आम्ही म्हणजे ऐकणाऱ्यांची बिघडलेली आवृत्ती नाही. मी इम्प्लांट बसवते आणि बसवत राहीन, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांच्या गावात खुणांची भाषा येणारं दुसरं माणूसच नसतं. यंत्र नाकारलं तर त्या मुलाच्या वाट्याला समाज येत नाही, एकटेपणा येतो. तरी त्यांचा मुद्दा मी पुसू शकत नाही. 'चांगलं शरीर' कोणतं हे ठरवणारा बहुतेक वेळा तो असतो, ज्याच्यासारखं शरीर बहुसंख्यांना आहे. ट्रान्सह्युमॅनिस्ट लिखाणात 'अधिक चांगला माणूस' हे शब्द इतक्या सहज येतात की हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. यंत्र शरीरात गेलं की शरीर कुणाच्या तरी देखभालीखाली येतं. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने प्रोसेसर ओलसर होतो. रात्री तो सिलिका जेलच्या डबीत ठेवायचा, वायर तुटली की नवी मागवायची, बॅटऱ्या जपायच्या. हे सगळं गरीब घरंही निष्ठेनं करतात. सरकारी योजनेतून यंत्र मिळतं. पण काही वर्षांनी कंपनीकडून निरोप येतो की हे मॉडेल बंद झालं, सुटे भाग मिळणार नाहीत, नवा प्रोसेसर घ्या. आतला भाग ठणठणीत असतो, मुलाचा मेंदू त्याच आवाजावर वाढलेला असतो, आणि बाहेरच्या तुकड्यासाठी बाप जमिनीचा तुकडा विकायचं बोलतो. दहावीच्या वर्षात असं शांततेत गेलेलं मूल पाहिलं की माझ्या पोटात तुटतं. त्याची ऐकण्याची शक्ती त्याच्या शरीरात आहे, पण त्याच्या हातात नाही.

हे फक्त आपल्या गरिबीमुळे होतं असं पुतण्या म्हणेल. मग त्याला आर्गस-२ बद्दल विचारा. अंधांसाठीचं हे दृष्टिपटलावरचं इम्प्लांट, ६० विद्युतटोकांचं, अमेरिकेत २०१३ मध्ये मंजूर झालं. जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी ते बसवून घेतलं, किंमत दीड लाख डॉलरच्या घरात. पुढे कंपनीनं ते बनवणं थांबवलं, २०२० मध्ये ती बुडायच्या बेतात आली, बहुतेक कर्मचारी काढून टाकले. डोळ्यांत यंत्र असलेली माणसं अधांतरी राहिली: बिघडलं तर दुरुस्ती नाही, काढायचं तर पुन्हा शस्त्रक्रिया. ऑस्ट्रेलियातल्या एका बाईंचं उदाहरण तर याहून जिव्हारी लागतं. अपस्माराचा झटका येण्याआधी इशारा देणारं यंत्र एका चाचणीत त्यांच्या मेंदूला जोडलं होतं. त्यांना पहिल्यांदाच निर्धास्त घराबाहेर पडता येऊ लागलं, ते यंत्र त्यांना स्वतःचाच भाग वाटू लागलं. कंपनीकडचे पैसे संपले आणि त्यांच्या मनाविरुद्ध ते काढून घेण्यात आलं. त्यांना गमावल्याचं जे दुःख झालं, ते वस्तू हरवल्याचं नव्हतं.

२०२४ च्या जानेवारीत न्यूरालिंक या अमेरिकी कंपनीचं मेंदूतलं यंत्र पहिल्यांदा माणसात बसवलं गेलं. मानेखाली लुळा पडलेला तो तरुण नुसत्या विचारानं संगणकावर बुद्धिबळ खेळू लागला, याचा मला मनापासून आनंद झाला. काही आठवड्यांत मेंदूत गुंफलेले बरेच धागे जागचे सरकले आणि मग सॉफ्टवेअर बदलून काम पुढे चाललं. तो स्वेच्छेनं गेला होता, त्याला धोका ठाऊक होता. पण आता कल्पना करा की अशी यंत्रं निरोगी, कमावत्या लोकांत लाखोंनी आहेत, आणि ज्यावर त्यांची स्मृती किंवा एकाग्रता टिकून आहे ते सॉफ्टवेअर दर महिन्याच्या भाड्यावर आहे. ट्रान्सह्युमॅनिस्टांचा सर्वांत लाडका हक्क म्हणजे माझ्या शरीराचं काय करायचं ते मी ठरवणार. माझा अनुभव सांगतो की पुरेशी हमी नसेल, तर यंत्र घालून घेण्याच्या क्षणी माणूस तो हक्क वापरतो आणि त्याच क्षणी त्याचा बराचसा भाग दुसऱ्याच्या हाती देतो.

स्वेच्छा या शब्दापाशीही जरा थांबायला हवं. वडगाव-शहापूर भागातले मागवाले माझ्याकडे येतात. यंत्रमागाच्या शेडमधला आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो, आणि आठ तासांच्या पाळीला नव्वद हीच आपल्याकडे कारखान्यांसाठीची कमाल मर्यादा आहे. चाळिशीच्या आत वरच्या पट्टीचे आवाज जातात, मग कानात शिट्टी वाजत राहते, मग घरातलं बोलणं तुटक ऐकू येतं. समजा, उद्या असं औषध निघालं की केसपेशी या गोंगाटातही मरणार नाहीत. मी ते देईन का? ज्याचे कान जाताहेत त्याला नक्की देईन. पण त्याच दिवसापासून शेडमालकाला माग शांत करायचं, शेडला आवाज शोषणारं अस्तर लावायचं कारण उरणार नाही, आणि ते औषध न घेणाऱ्याला काम मिळणार नाही. सुरुवात 'ज्याला हवं त्यानं घ्यावं' अशी होईल आणि काही वर्षांत 'घेतल्याशिवाय गत्यंतर नाही' इथे येईल. झोप कमी लागावी म्हणून गोळ्या, लक्ष लागावं म्हणून गोळ्या, हे स्पर्धापरीक्षांच्या मुलांमध्ये आजच सुरू आहे. त्यातल्या कुणालाही मी दोष देत नाही. परिस्थिती बदलायचं सोडून माणूस बदलणं स्वस्त पडायला लागलं की माणूसच बदलला जातो, आणि नेहमी तोच आधी, ज्याला नाही म्हणायची सोय नसते.

यापुढचा भाग मला लिहितानाही जड जातो, पण सीमाभागात राहून तो टाळता येणार नाही. पोटातल्या, किंवा अजून पोटातही न आलेल्या मुलाची सुधारणा. ज्युलियन सॅव्हुलेस्कू या तत्त्वज्ञांनी २००१ मध्ये मांडलं की शक्य असलेल्या भ्रूणांपैकी ज्याचं आयुष्य सर्वांत चांगलं जाण्याची अपेक्षा आहे तो निवडणं हे आईवडिलांचं नैतिक कर्तव्य आहे. या मताचे लोक आवर्जून सांगतात की जुन्या वंशसुधारणेशी (कुणाला मुलं व्हावीत आणि कुणाला नाही हे ठरवणाऱ्या चळवळीशी) आमचा संबंध नाही, कारण तेव्हा सरकार सक्ती करायचं आणि आता आईवडील मोकळेपणानं निवडतील. जुना इतिहास त्यांना टोचतो हे बरं आहे: खुद्द हक्सली १९५९ ते १९६२ या काळात ब्रिटनच्या युजेनिक्स (वंशसुधारणा) सोसायटीचे अध्यक्ष होते, म्हणजे नाझी छळछावण्या जगानं पाहिल्यानंतरही. आपल्याला या इतिहासात अभिमानानं सांगावी अशी एक व्यक्ती आहे. इरावती कर्वे १९३० च्या सुमारास बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांवर संशोधन करत होत्या. युरोपीय वंशाची श्रेष्ठता कवटीच्या आकारात दिसेल ही गुरूंची धारणा. त्यांनी मोजमापं घेतली आणि तसं काही दिसत नाही असं त्याच संस्थेत, त्याच गुरूंसमोर लिहून दिलं.

पण 'सक्ती नाही, निवड आहे' या वाक्यावर विसंबायचं का, याचं उत्तर आपल्याला बर्लिनला जाऊन शोधायची गरज नाही. निपाणीवरून कागल ओलांडलं की कोल्हापूर. २००१ च्या जनगणनेत त्या सधन, ऊसबागायती जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली किती होत्या? ८३९. महाराष्ट्राचा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा १९८८ पासून, देशाचा १९९४ चा. २०१७ च्या मार्चमध्ये आपल्या कागवाडला लागून असलेल्या म्हैसाळमध्ये पुरलेले १९ भ्रूण सापडले आणि तपासाचे धागे सीमेच्या दोन्ही बाजूंना गेले. यातल्या एकाही घरावर सरकारनं सक्ती केली नव्हती. प्रत्येकानं आपल्या घरापुरता, आपल्या मते शहाणपणाचा निर्णय घेतला होता. मुलगा असला तर आयुष्य बरं जाईल, हुंडा वाचेल, शेत घरात राहील. 'सर्वांत चांगलं आयुष्य अपेक्षित असलेलं मूल निवडा' हा निकष त्यांनी या समाजात जसा लागू पडतो तसाच लावला. बाईंना निवडीचं स्वातंत्र्य होतं असंही म्हणवत नाही. सासूच्या आणि नवऱ्याच्या मध्ये बसून सोनोग्राफीला आलेल्या बाईचा होकार कसा असतो हे आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाला माहीत आहे. आता याच घरांच्या हातात रंग, उंची, बुद्धी निवडायचं साधन द्या. गोरेपणाची मागणी किती येईल? पत्रिकेसोबत जनुकांचा अहवाल मागायला किती वर्षं लागतील? पाश्चात्त्य विद्यापीठांत बसून उदार निवडीचं समर्थन करणाऱ्यांनी हा भाग बघितला पाहिजे असं मला फार तीव्रतेनं वाटतं. जी निवड त्यांना भविष्यात दिसते, तिचं एक रूप आमच्याकडे एका पिढीत घडून गेलं आहे.

जर्मन तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास यांनी २००१ मध्ये याच संदर्भात जे मांडलं, ते मला या सगळ्या वादातलं सर्वांत खोल वाटतं. आईवडिलांनी केलेल्या संस्काराशी मूल मोठं होऊन भांडू शकतं, ते टाकून देऊ शकतं. जनुकांतून कोरलेल्या इच्छेशी ते भांडू शकत नाही, आणि आपल्या आयुष्याचे कर्ते आपण आहोत ही जाणीवच त्यामुळे दुखावते. चीनच्या हे जिआनकुई यांनी २०१८ मध्ये दोन जुळ्या मुलींच्या भ्रूणांमध्ये सीसीआर-५ हे जनुक बदललं, त्यांना एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून. बदल ठरवला होता तसा नेमका झालाच नाही. ते तीन वर्षं तुरुंगात गेले. त्या मुली मात्र तो बदल जन्मभर बाळगणार, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्याही कदाचित बाळगतील.

तुम्ही लगेच म्हणाल की वर्षाच्या बाळाला इम्प्लांट बसवतानाही त्याला कुणी विचारत नाही. बरोबर. तो प्रश्न माझ्या मनात प्रत्येक शस्त्रक्रियेच्या आधी असतो. माझं उत्तर असं आहे: ते मूल मोठं झाल्यावर कॉइल काढून ठेवू शकतं. काही तरुण तसं करतात, खुणांची भाषा शिकतात, आणि मी त्यांना अडवत नाही. मी दिलेलं नाकारायची मुभा त्याच्या हातात राहते. न बसवता मी थांबले असते, तर भाषेची ती पहिली वर्षं परत आली नसती. म्हणजे इथे थांबणं हेच दारं बंद करणारं ठरतं. भ्रूणाची उंची किंवा स्वभाव ठरवताना हे गणित उलटं होतं.

मरणाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर बोलायला माझ्यापेक्षा अधिकारी माणसं आहेत. म्हातारपणाची कुरतड कमी करणं मला हवंच आहे. ऐंशी वर्षांच्या आजोबांना नातवाचं बोलणं ऐकू येत नाही यात कसलीही थोरवी नाही. पण कायमचं जगण्याच्या हट्टाबद्दल आपल्या लोकांनी पूर्वीच विचार करून ठेवला आहे. योगबळानं चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवांनी कोरं पत्र पाठवलं आणि इवल्या मुक्ताबाईनं ते पाहून म्हटलं, इतकं जगूनही हे कोरेच. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७३ मध्ये जवळपास याच अंगानं विचारलं होतं की अनंत आयुष्य जगावंसं वाटायला लावणाऱ्या इच्छा माणसाकडे असतात तरी का. मला त्याहून व्यावहारिक धास्ती वाटते: सत्ता, जमीन आणि कंपन्या ज्यांच्या हातात आहेत ते जायचेच बंद झाले, तर तुमच्या वर्गातली मुलं कुणाची जागा घेणार?

तर पुतण्याला काय सांगायचं. विज्ञानाविरुद्ध काही सांगू नका, ते खोटं होईल. कोणतंही नवं साधन समोर आलं की त्यानं चार गोष्टी विचाराव्यात. जो सोसणार तोच निवडतोय का, की त्याच्या वतीनं दुसरं कुणी? निवडल्यावर मागे फिरता येतं का? न घेणाऱ्याला काम, शाळा, लग्न या बाबतीत शिक्षा होणार आहे का? आणि यंत्र शरीरात गेल्यावर वीस वर्षांनी त्याचे सुटे भाग कोण देणार? देवीची लस या चारांपैकी काहींवर अडखळते हे मला माहीत आहे. बाळाला विचारून ती दिली नव्हती, ती परत काढता येत नव्हती, आणि काही काळ सक्तीचीही होती. तरीही ती योग्य होती, कारण समोर तेवढं मोठं मरण उभं होतं आणि ती गरिबातल्या गरिबालाही मिळाली. म्हणजे हे चार प्रश्न म्हणजे कुलूप नाही. त्यांची उत्तरं तराजूत घालायची असतात, आणि दुःख जितकं खरं आणि मोठं, तितकं पारडं साधन वापरण्याच्या बाजूनं झुकतं. श्रीमंताच्या निरोगी मुलाला आणखी चार मार्क मिळावेत म्हणून ते झुकत नाही.

तो संगणकातला मुलगा आहे, म्हणून त्याच्याकडून मला एक हवं आहे. अशी यंत्रं लिहिणारे, बनवणारे हात त्याच्याच पिढीचे असणार. शरीरात जाणाऱ्या प्रत्येक यंत्राबरोबर आयुष्यभर सुटे भाग आणि दुरुस्ती देण्याची कायदेशीर हमी हवी. कंपनी बुडाली तर आराखडे आणि सॉफ्टवेअर खुलं व्हायला हवं, म्हणजे दुसरं कुणी ते चालवू शकेल. मेंदूतून निघणारी माहिती त्या माणसाचीच राहायला हवी. यातलं शेवटचं अशक्य नाही. चिलीनं २०२१ मध्ये मेंदूतल्या माहितीच्या रक्षणासाठी थेट संविधानात दुरुस्ती केली, आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एका कंपनीला तिच्या ग्राहकाच्या मेंदूची साठवलेली माहिती पुसायला लावली. आपल्याकडे ही मागणी डॉक्टरांनी एकट्यानं करून भागणार नाही. ज्यांना ही यंत्रं आतून कळतात त्यांनी ती करायला हवी. दिवाळीला तो गावी आला तर त्याच्याशी यावर बोला, आणि त्याची तयारी असेल तर माझ्याकडे पाठवा. बंद पडलेल्या मॉडेलचे प्रोसेसर पुन्हा कसे चालवता येतील यावर मला अशाच माणसाची मदत हवी आहे.